सबवूफर ॲम्प्लिफायरची दुरुस्ती

घरगुती ध्वनिसंचातील सबवूफर या मंद्र स्वरांच्या स्पीकरमध्ये बसविलेल्या ॲम्प्लिफायरमधील बिघाड शोधून तो दूर करण्याच्या कामास सबवूफर ॲम्प्लिफायरची दुरुस्ती असे म्हणतात. असा ॲम्प्लिफायर स्पीकरच्या पेटीतच असल्यामुळे तो बंद पडला की संपूर्ण पेटी मुकी होते आणि स्पीकरच निकामी झाला असा समज होतो. प्रत्यक्षात अनेकदा वीजपुरवठ्याच्या भागातील एखादा कंडेन्सर, रेग्युलेटर किंवा सैल झालेला डाख एवढेच कारण असते आणि अल्प खर्चात संच पूर्ववत चालू होऊ शकतो. मात्र हे उपकरण २३० व्होल्टच्या घरगुती विजेवर चालते व वीज काढल्यानंतरही त्यात घातक दाब शिल्लक राहू शकतो. त्यामुळे अज्ञानाने केलेली दुरुस्ती जिवावर बेतू शकते. पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्यासारख्या कडक उन्हाळा, दमट पावसाळा आणि ग्रामीण वीजवाहिन्या असलेल्या प्रदेशात अशा बिघाडांना स्थानिक कारणांचीही जोड मिळते.

नाव व परिभाषा

ॲम्प्लिफायर म्हणजे क्षीण विद्युत् संकेताची शक्ती वाढविणारे मंडल. शास्त्रीय मराठी लेखनात त्यास विवर्धक किंवा प्रवर्धक असे म्हणतात. त्याचप्रमाणे कपॅसिटरला धारित्र, ट्रान्सफॉर्मरला रोहित्र, रेझिस्टरला रोधक आणि फ्यूजला वितळतार हे शब्द आहेत. दुरुस्तीच्या दुकानांत मात्र कपॅसिटरला सर्रास कंडेन्सर म्हणतात. पेटीच्या मागील बाजूस स्क्रूने बसविलेल्या धातूच्या पत्र्यावर उभारलेल्या ॲम्प्लिफायरला प्लेट ॲम्प्लिफायर हे नाव आहे. बाजारात होम थिएटर किंवा २.१ या नावाने विकल्या जाणाऱ्या संचांतील ‘२’ हा अंक डाव्या-उजव्या स्पीकरांसाठी, तर ‘.१’ हा सबवूफरसाठी असतो.

पार्श्वभूमी

माणसाच्या कानाला साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झ या कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. त्यांपैकी सुमारे २० ते २०० हर्ट्झ हा पट्टा सबवूफरचा. ढोल, पखवाजाची डावी बाजू, मेघगर्जना किंवा चित्रपटातील स्फोट यांचा भरदारपणा याच पट्ट्यातून येतो. एवढे मंद्र स्वर मोठ्याने ऐकवण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. म्हणून मोठा पडदा आणि अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर आवश्यक ठरतो.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील इन्फिनिटी कंपनीने मंद्र स्वरांसाठी वेगळा स्पीकर असलेला सर्व्हो-स्टॅटिक हा संच तयार केला. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी वापरलेल्या सेन्सराउंड पद्धतीमुळे अतिमंद्र ध्वनीचा परिणाम सर्वसामान्य प्रेक्षकांना प्रथमच मोठ्या प्रमाणावर जाणवला. १९९२ पासून चित्रपटगृहांत आलेल्या डॉल्बी डिजिटल पद्धतीत १२० हर्ट्झपर्यंतच्या मंद्र परिणामांसाठी स्वतंत्र वाहिनी ठेवण्यात आली. पुढे डीव्हीडी व दूरचित्रवाणी यांच्याबरोबर ही पद्धत घराघरांत पोहोचली.

रचना व कार्य

सबवूफरच्या ॲम्प्लिफायरचे चार मुख्य भाग असतात.

वीजपुरवठा: जुन्या व मध्यम संचांत ट्रान्सफॉर्मर, चार डायोडांचा ब्रिज आणि दोन मोठे फिल्टर कंडेन्सर असतात. ट्रान्सफॉर्मरची दुय्यम गुंडाळी मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना २५ व्होल्ट देत असल्यास कंडेन्सरवर सुमारे अधिक ३५ आणि उणे ३५ व्होल्ट असा दुहेरी एकदिश दाब मिळतो. नव्या संचांत ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विच मोड वीजपुरवठा, म्हणजे एसएमपीएस, असतो. त्यात २३० व्होल्टच्या विजेचे थेट एकदिशीकरण होऊन प्राथमिक कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट दाब साठतो.

संकेत मंडल: येथे आवाजाची पातळी, उच्च स्वर गाळणारा क्रॉसओव्हर आणि ० किंवा १८० अंशांचा फेज यांची नियंत्रणे असतात. या भागातील आयसींना साधारणपणे अधिक-उणे १२ किंवा १५ व्होल्ट लागतात. अनेक प्लेट ॲम्प्लिफायरमध्ये हा लहान दाब मुख्य दाबातूनच रोधक व झेनर डायोड यांच्या साह्याने मिळविला जातो.

स्वयंचलित चालू-बंद मंडल: संकेत आला की संच जागा करणे व काही वेळ संकेत न आल्यास झोपविणे हे त्याचे काम. संच बंद भासत असला तरी हा भाग दिवसरात्र विजेवर असतो.

शक्ती विभाग: लहान संचांत टीडीए २०३० सारखी सुमारे १४ वॅटची, तर मोठ्या संचांत टीडीए ७२९४ सारखी १०० वॅटपर्यंतची आयसी किंवा स्वतंत्र ट्रान्झिस्टरांच्या जोड्या आढळतात. एबी वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये शक्तीचा बराच हिस्सा उष्णतेच्या रूपाने वाया जातो. डी वर्गाच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असल्याने त्यास लहान हीट सिंक पुरतो.

बिघाडाची कारणे

उष्णता: इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये द्रव असतो व तो काळानुसार सुकत जातो. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की अशा कंडेन्सरचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. लहान दाब मिळविणारे रोधक व झेनर सतत तापत राहतात. त्यांच्याभोवती पीसीबी तपकिरी पडते, डाख ठिसूळ होतो आणि शेजारचा कंडेन्सर सुकतो. सबवूफरच्या बिघाडांत हे ठिकाण प्रथम तपासण्यासारखे असते.

कंप: सबवूफर स्वतः निर्माण करीत असलेल्या कंपांतच त्याच्या ॲम्प्लिफायरला आयुष्य काढावे लागते. जड कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर व जोडपट्ट्या यांच्या पायांभोवतीचा डाख त्यामुळे तडकतो. दुकानांत यास ड्राय सोल्डर म्हणतात. जड घटक हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला काही प्रकारचा गोंद वर्षानुवर्षांच्या उष्णतेने काळपट होतो, हवेतील आर्द्रता शोषून विद्युत् वाहक बनतो आणि घटकांचे पाय गंजवितो.

अतिभार: ठरलेल्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर जोडणे, आवाज विकृत होईपर्यंत वाढविणे किंवा तो तासन्‌तास त्याच पातळीवर ठेवणे यांमुळे शक्ती विभागातील आयसी किंवा ट्रान्झिस्टर जळतात. दिवाळीनंतर भंडारा व गोंदिया भागांतील गावोगावी मंडई भरते. अशा प्रसंगी बैठकीच्या खोलीसाठी बनविलेला संच अंगणात किंवा मंडपात चालविल्यास त्यावर त्याच्या क्षमतेपलीकडचा भार पडतो.

भंडारा जिल्ह्यातील स्थानिक कारणे

भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, पवनी व लाखांदूर अशा सात तालुक्यांचा हा जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला असून तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मे महिन्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या पेटीच्या आतील तापमान त्याहून बरेच अधिक असते. पावसाळ्यातील दमटपणामुळे धूळ बसलेल्या पीसीबीवर गळतीचे मार्ग तयार होतात आणि जोडपट्ट्यांवर हिरवट गंज चढतो.

ग्रामीण वाहिन्यांवर कृषिपंपांचा भार एकदम चढला वा उतरला की विजेचा दाब खालीवर होतो. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे त्रिकला वाहिनीवरील न्यूट्रल तार तुटणे. अशा वेळी घरातील २३० व्होल्टच्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो आणि कंडेन्सर फुटण्यापर्यंत मजल जाते. मान्सूनपूर्व वादळांत जवळपास वीज पडल्यास तिचा झटका वीजतारेतून, त्याचप्रमाणे केबल वा डिश अँटेनाच्या तारेतूनही संचात शिरतो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या महापुरात भंडारा शहराच्या सखल भागांत पाणी शिरले होते. पुराच्या पाण्यात भिजलेला संच बाहेरून कोरडा दिसला तरी ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत व पीसीबीवर ओलावा आणि गाळ राहतो. तो आतून स्वच्छ करून पूर्ण वाळविल्याशिवाय विजेला जोडणे धोक्याचे असते. हवेच्या भोकातून आत शिरणाऱ्या पाली, मुंग्या व झुरळे यांमुळेही शॉर्ट सर्किट होते.

सुरक्षितता

पेटी उघडण्यापूर्वी बटण बंद करणे पुरेसे नसून प्लग भिंतीवरील सॉकेटमधून काढून ठेवावा लागतो. त्यानंतरही फिल्टर कंडेन्सर भरलेले असू शकतात. एसएमपीएसमधील प्राथमिक कंडेन्सरवरील ३२५ व्होल्टचा दाब प्राणघातक ठरू शकतो. कंडेन्सर रिकामा करण्यासाठी २ ते ४.७ किलोओहमचा, ५ ते १० वॅटचा रोधक इन्सुलेशन असलेल्या तारांना जोडून त्याच्या दोन टोकांवर धरतात आणि नंतर मल्टिमीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री करतात. स्क्रूड्रायव्हरने दोन टोके एकमेकांस टेकविण्याची पद्धत अयोग्य आहे. तीत ठिणगी उडते, कंडेन्सर व पीसीबीचे नुकसान होते आणि डोळ्यांनाही इजा पोहोचू शकते.

फ्यूज उडाल्यास त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे हे आगीला निमंत्रण होय. फ्यूज हा बिघाड नसून बहुधा बिघाडाची सूचना असतो. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकल्यास घरघर कमी होते, पण संचाच्या धातूच्या पत्र्यात वीज उतरल्यास ती स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून जमिनीकडे जाते. विजेवर चालू असलेल्या उघड्या मंडलाचे मापन प्रशिक्षित व्यक्तीनेच, कोरड्या जागी, रबरी चटईवर उभे राहून आणि शक्यतो एक हात मागे ठेवून करावयाचे असते. विद्यार्थ्यांनी असे काम शिक्षकाच्या किंवा अनुभवी कारागिराच्या उपस्थितीतच करणे योग्य ठरते.

निदान

पेटी न उघडता करावयाच्या तपासण्या

निम्मे निदान पेटी न उघडताच होते. प्रथम सॉकेटमध्ये वीज आहे का, प्लगची तार तुटली आहे का आणि बाहेरून काढता येणारा फ्यूज शाबूत आहे का, हे पाहतात. नंतर संकेताची केबल बदलून, दुसऱ्या स्रोतावरून, उदाहरणार्थ मोबाइल फोनवरून, आवाज देऊन पाहतात. दूरचित्रवाणी संच किंवा सेट-टॉप बॉक्स यांच्या मांडणीत सबवूफर बंद ठेवला गेला असणे हेही एक साधे कारण असते.

लक्षणे व संभाव्य कारणे

दिवा लागत नाही, आवाज नाही: फ्यूज, वीजतार, एसएमपीएस किंवा ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक गुंडाळी.

दिवा लुकलुकतो किंवा संच चालू होऊन लगेच बंद होतो: स्टँडबाय भागातील सुकलेला कंडेन्सर, किंवा शक्ती विभागातील शॉर्टमुळे संरक्षण मंडल कार्यान्वित होणे.

दिवा लागतो, पण आवाज नाही: १२ किंवा १५ व्होल्टचा पुरवठा नसणे, रिले न लागणे, सैल जोडपट्टी किंवा तुटलेली व्हॉइस कॉइल.

सतत घरघर: संकेताची केबल काढल्यावर घरघर थांबली तर दोष केबलमध्ये किंवा अर्थिंगच्या दुहेरी मार्गात असतो व तो स्वर बहुधा ५० हर्ट्झचा असतो. केबल काढूनही ती राहिली तर दोष आत असतो. फिल्टर कंडेन्सर क्षीण झाल्यास १०० हर्ट्झचा काहीसा खरखरीत स्वर येतो.

चालू करताच मोठा धक्का बसून पडदा एका बाजूला ओढला जाणे: आउटपुटवर एकदिश दाब येत आहे. संच तत्काळ बंद न केल्यास व्हॉइस कॉइल जळते.

तापल्यावर आवाज तुटणे: तडकलेला डाख, सुकलेली थर्मल पेस्ट किंवा हीट सिंकचा सैल स्क्रू.

पेटी उघडल्यानंतरच्या तपासण्या

प्लेटचे स्क्रू काढून ती सावकाश बाहेर ओढतात, कारण स्पीकरच्या तारा आतून जोडलेल्या असतात. तारा सोडविण्यापूर्वी जोडणीचे छायाचित्र घेणे उपयुक्त ठरते. स्पीकर वेगळा करून त्याचा रोध मोजतात. ४ ओहमच्या स्पीकरचा रोध मल्टिमीटरवर साधारण ३ ते ४ ओहम दिसतो. मीटर अमर्याद रोध दाखवीत असल्यास कॉइल तुटलेली असते. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावल्यास चांगल्या स्पीकरचा पडदा खट् आवाज करून पुढे किंवा मागे सरकतो.

यानंतर भिंगाखाली पीसीबी पाहतात. डोके फुगलेले वा पाझरलेले कंडेन्सर, डाखाभोवतीची गोल चीर, जळका वास, तपकिरी डाग आणि काळा पडलेला गोंद ही ओळखीची चिन्हे होत. मात्र कंडेन्सर बाहेरून चांगला दिसूनही निकामी असू शकतो. त्याची धारिता योग्य, पण अंतर्गत रोध वाढलेला, असेही घडते आणि त्यासाठी ईएसआर मीटर लागतो. ब्रिजचे डायोड व आउटपुट ट्रान्झिस्टर मल्टिमीटरच्या डायोड श्रेणीवर तपासतात. दोन्ही दिशांना शून्याजवळ वाचन आल्यास तो घटक शॉर्ट समजतात. अशी शंका आल्यास मंडलातून बाहेर काढून तो पुन्हा मोजतात.

दुरुस्तीची पद्धत

कंडेन्सर बदलताना धारिता तीच, व्होल्टता तेवढी किंवा अधिक आणि तापमर्यादा १०५ अंशांची असलेला घटक निवडतात. धन व ऋण टोकांची अदलाबदल झाल्यास कंडेन्सर फुटतो. तापणारे रोधक मूळ मूल्याचेच, पण अधिक वॅटचे घेऊन पीसीबीपासून थोडे उंच बसविल्यास तोच बिघाड पुन्हा होण्याची शक्यता कमी होते.

जुना डाख पूर्ण काढून नवा देणे हे वरवर पुन्हा वितळविण्यापेक्षा टिकाऊ असते. कथिल-शिशाचा ६३:३७ मिश्रधातू १८३ अंश सेल्सियसला वितळतो, तर शिसेविरहित डाखाला सुमारे २१७ ते २२० अंश लागतात. शिशाचा डाख हाताळल्यावर हात धुणे आवश्यक असते. धूर साचू नये म्हणून खिडकी उघडी ठेवतात.

शक्ती विभागातील जळलेला ट्रान्झिस्टर एकटा बदलून भागत नाही. त्याची जोडी, त्यांना चालविणारे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि एमिटरचे लहान रोधकही तपासावे लागतात. टीडीए २०३० व टीडीए ७२९४ या आयसींची धातूची पाठ ऋण पुरवठ्याशी जोडलेली असते. म्हणून आयसी व हीट सिंक यांच्यामध्ये अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा इन्सुलेटर आणि स्क्रूसाठी इन्सुलेट वॉशर न विसरता घालावे लागतात. लोकप्रिय आयसींच्या व ट्रान्झिस्टरांच्या बनावट प्रतीही बाजारात मिळतात आणि त्या पूर्ण भारावर लगेच जळतात. त्यामुळे खात्रीच्या दुकानातून खरेदी करणे हिताचे ठरते.

काळा पडलेला गोंद खरवडून, खालचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करतात. जड घटक पुन्हा चिकटविताना आंबट वासाचे, म्हणजे ॲसिटिक आम्ल सोडणारे सिलिकॉन वापरत नाहीत, कारण ते तांबे गंजविते.

दुरुस्तीनंतरची चाचणी

दुरुस्त केलेला संच थेट विजेला जोडण्याऐवजी सिरीज बोर्डवरून जोडण्याची पद्धत रूढ आहे. यात ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब संचाशी एकसर जोडतात. एलईडी दिवा यासाठी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाल्यास वीजपुरवठ्यात मोठा शॉर्ट नसतो. बल्ब प्रखर पेटत राहिल्यास शॉर्ट कायम आहे असे समजून वीज काढतात. एसएमपीएसचे संच सिरीज बल्बवर अडखळत चालू-बंद होऊ शकतात, हेही लक्षात घ्यावे लागते.

स्पीकर जोडण्यापूर्वी आउटपुटवरील एकदिश दाब मोजतात. तो सामान्यतः ५० मिलिव्होल्टपेक्षा कमी असावा लागतो. त्यानंतर स्पीकर जोडून कमी आवाजावर तासभर संच चालवितात आणि वीज काढून हीट सिंकचे तापमान पाहतात. प्लेट परत बसविताना तिच्याभोवतीची फोमची पट्टी नीट बसणे महत्त्वाचे असते. ती फाटल्यास हवा निसटून शिटीसारखा आवाज येतो आणि मंद्र स्वरांचा जोर कमी होतो.

दुरुस्ती की बदल

वीजपुरवठा, डाख, फ्यूज व लहान कंडेन्सर यांचे दोष बहुधा दुरुस्त करण्यासारखे असतात. पीसीबी कोळसा होईपर्यंत जळली असल्यास, ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी जळली असल्यास किंवा निर्मात्याने ओळख पुसलेली आयसी वापरली असल्यास खर्च वाढतो. अशा वेळी पेटी व स्पीकर चांगले असतील तर फक्त ॲम्प्लिफायर बदलण्याचा मार्ग उरतो. तयार ॲम्प्लिफायर बोर्ड निवडताना स्पीकरचे ओहम, त्याची वॅट क्षमता आणि उपलब्ध पुरवठ्याचा दाब यांचा मेळ घालावा लागतो. क्रॉसओव्हर नसलेला बोर्ड बसविल्यास सबवूफरमधून बोलण्याचा आवाजही येऊ लागतो.

महाराष्ट्रात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आहे. या संस्थांतील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम अशा कामाचा पाया घालतो. भंडाऱ्याहून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या नागपूरच्या सीताबर्डी भागात इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असल्याने सुट्या भागांसाठी तो सोयीचा पडतो.

ग्राहकांचे हक्क व ई-कचरा

हमीच्या मुदतीतील संच उघडल्यास हमी संपुष्टात येऊ शकते. म्हणून प्रथम पावती व हमीपत्र पाहणे योग्य. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्ती व सुट्या भागांविषयीची माहिती ग्राहकांना एका ठिकाणी मिळावी हा त्याचा हेतू आहे. सदोष वस्तू किंवा सेवेबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते व त्यासाठी सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची आहे.

दुरुस्त न होणारा ॲम्प्लिफायर हा ई-कचरा होय. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण व्यवस्थेकडे जाणे अपेक्षित आहे. तांबे मिळविण्यासाठी पीसीबी व तारा उघड्यावर जाळल्यास शिसे व विषारी वायू हवेत आणि जमिनीत मिसळतात.

प्रतिबंधक काळजी

- पेटीची मागील बाजू भिंतीपासून किमान वीतभर दूर ठेवणे व तीवर कापड न टाकणे.
- वापर नसताना, विशेषतः वादळाच्या वेळी, प्लग व केबल दोन्ही काढून ठेवणे.
- घराचे अर्थिंग परवानाधारक वीजतंत्रीकडून तपासून घेणे.
- दाब वारंवार कमी-जास्त होत असल्यास योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर आणि झटक्यांपासून संरक्षण देणारा बोर्ड वापरणे.
- पावसाळ्यात पेटी जमिनीऐवजी फळीवर ठेवणे.
- आवाज फाटू लागताच पातळी कमी करणे.